हार थेट गळ्यातच

विंडोज एक्सपीच्या काळातली गोष्ट. ऐन लग्नसराईत सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. "सायेब, नवरी हार उचलती आणि पुढच्या क्षणाला हार थेट गळ्यात! मधलं सगळं गायब."

म्हणजे फ्रेम ड्रॉप, व्हिडिओतली मधली चित्रंच गळणं. कॅमेऱ्याची मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर केबलमधून कॉम्प्युटरवर घेताना (म्हणजे कॅप्चर करताना) सेकंदाला साधारण ३.६ एमबी डेटा येत राहतो. तासाभराच्या कॅसेटला १३ जीबी जागा लागते. आकडा मोठा नाही, पण डिस्क जरा अडली तरी टेप तिच्यासाठी थांबत नाही. तेवढ्या फ्रेम गेल्या.

अण्णांनी रॅम वाढवली होती, रात्रभर डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जुळवणं) लावून ठेवलं होतं. त्या काळी कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर डिफ्रॅग हाच अंगारा! पण कॅप्चरची ८० जीबीची डिस्क वेगळी, ७२०० आरपीएमची, आणि जवळजवळ रिकामी. तिथे डिफ्रॅग जुळवणार काय?

मी कॅप्चर सुरू करून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०० टक्क्यांवर. नुसती टेप उतरवून घ्यायला एवढी दमछाक होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेल, म्हणजे ती डिस्क ज्या जोडणीवर होती ती, पाहिलं, तर तिथे 'पीआयओ मोड'. डिस्कशी डेटाची ने-आण दोन पद्धतींनी होते. डीएमएमध्ये डेटा प्रोसेसरला फारसा त्रास न देता मेमरीतून डिस्कवर जातो. पीआयओमध्ये तो सगळा प्रोसेसरलाच वाहावा लागतो. वाहताना चुका वारंवार झाल्या की एक्सपी वेग एकेक पायरी उतरवत शेवटी पीआयओवर येतो, आणि तसं सांगतही नाही. हा गुपचूपपणा मला आजही पटत नाही.

चुका का होत होत्या, ते केसिंग उघडल्यावर दिसलं. डिस्क आणि सीडी रायटर एकाच जुन्या ४० तारांच्या केबलवर, तीही घडी पडून चेपलेली. ८० तारांची नवी केबल टाकली, डिस्क एकटी ठेवली, रायटर दुसऱ्या चॅनेलवर नेला. डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून मशीन रीस्टार्ट केलं, तेव्हा डीएमए परत आला.

डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे अठरा-एकोणीस मिनिटांत कॅप्चर अडणार. रिकामीच होती, म्हणून ही अडचण नसलेल्या एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली. कॅप्चरपुरता अँटिव्हायरस आणि स्क्रीनसेव्हर बंद ठेवायला सांगितलं.

पूर्ण कॅसेट उतरली, ड्रॉप शून्य. तरी वरातीत चित्रावर चौकोन उमटत होते. अण्णा म्हणाले, "हे बघा, अजून हाय की!" तीच टेप कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लावून दाखवली, चौकोन तिथेही होते. कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड मळलं होतं. क्लीनिंग कॅसेट फिरवल्यावर बहुतेक गेले. जे उरले ते टेपवरच तसे रेकॉर्ड झालेले, ते मिक्सिंगमध्ये फुलांच्या इफेक्टखाली झाकायचं अण्णांनी ठरवलं.