खडे फोडून तुम्हाला फरक पडला का?

तुम्ही विचारलेत म्हणून हे लिहितो आहे. विचारणारे बहुतेक जण मला ओळखत नसतात. कोणाच्या तरी भाच्याला किंवा मुलीला स्वादुपिंडाची, म्हणजे जठरामागच्या पाचक रस तयार करणाऱ्या ग्रंथीची, जुनाट सूज असल्याचे निदान होते, सीटी स्कॅनच्या अहवालात तो रस आतड्यात नेणाऱ्या नलिकेत खडे असल्याचे लिहिलेले असते, आणि सांगलीत विश्रामबागेला एक निवृत्त सर आहेत, त्यांनाही हेच आहे, असे कोणाकडून तरी कळले की माझा फोन वाजतो. प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, खडे फोडून तुम्हाला फरक पडला का?’ याचे खरे उत्तर ‘पडला’ असे आहे. तरीही ते देताना मी अडखळतो, कारण मी 31 वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे.

मला हा आजार तिशीच्या आत जडला. वरच्या पोटातून निघून थेट पाठीत घुसणारी कळ, आणि उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसल्यावरच मिळणारा थोडासा उतार, याला तीन वर्षे आम्लपित्त समजून औषध चालले. मग मिरजेत एका वृद्ध डॉक्टरांनी पोटाचा साधा एक्स-रे काढला, तेव्हा कण्यावर आडवे खडूचे कण उधळावेत तसे ठिपके दिसले. त्यानंतरचा पहिला प्रश्न अर्थातच दारूचा होता. मी दारूला कधी स्पर्श केलेला नाही, परंतु ‘एखाद्या वेळी तरी घेतली असेल’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकले आहे की 2002 साली हैदराबादच्या संशोधकांनी स्पिंक-1 या जनुकातील बदलाचा आपल्याकडील अशा रुग्णांशी असलेला संबंध दाखवल्याचे वाचले, तेव्हा मला निर्दोष सुटल्यासारखे वाटले. हे जनुक स्वादुपिंडातल्या पाचक रसाला ग्रंथीच्या आतच काम सुरू करण्यापासून आवरणारे प्रथिन तयार करते. तो आवर ढिला पडला, तर ग्रंथीवर तिच्याच रसाचा हल्ला होण्याचा धोका वाढतो.

आता खड्यांकडे वळतो. आपल्या जिल्ह्यात मुतखडा झाला नाही असे घर विरळा, त्यामुळे खडा म्हटला की तो अडकतो, फोडला की निघून जातो आणि माणूस मोकळा होतो, हे गणित सर्वांना पाठ असते. स्वादुपिंडाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. तिथले खडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते आजाराचे मूळ नसून बहुतांशी त्याचे फळ असतात. नलिका तुंबल्यावर आतला दाब वाढतो आणि दुखते, हे खरे आहे. पण त्याच वेळी ग्रंथीचे मऊ ऊतक हळूहळू निबर होत जाते, तिच्यातील मज्जातंतू जाड आणि हळवे होतात, आणि वर्षानुवर्षे कळ सोसलेला मेंदू लहानशा संदेशालाही मोठे दुखणे मानू लागतो. म्हणूनच नलिका खड्यांनी भरलेली असूनही सुखाने जेवणारे रुग्ण असतात, आणि एकही खडा नसताना तळमळणारेही असतात.

धक्कालहरींनी हे खडे फोडण्याचा उपाय 1987 साली जर्मनीत प्रथम प्रसिद्ध झाला. मी तो पुढे वीस-एक वर्षांनी परराज्यातील एका मोठ्या रुग्णालयात करून घेतला. दोन बैठका झाल्या, मग तोंडावाटे सोडलेल्या दुर्बिणीतून चुरा काढून नलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, घातला. पुढचे पाच महिने मी हुरड्याच्या पार्टीलाही जाऊन आलो. सहाव्या महिन्यात दुखणे परत आले, आणि त्यानंतर स्टेंट बदलण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्या पाच महिन्यांचे श्रेय कोणाला द्यायचे, हाच माझा खरा प्रश्न आहे. कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तासातासाला सांगितली जाते. पाणी 45 फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेले की माझी आई नदीची ओटी भरायची, आणि एक-दोन दिवसांत पाणी उतरायचे. आईच्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. परंतु पाणी 20 फुटांवर असताना ती कधी ओटी भरायला गेली नाही, हेही तितकेच खरे. आम्ही रुग्णही कळ शिगेला पोहोचली की दवाखाना गाठतो. चढ-उताराच्या आजारात शिगेनंतर उतार यायचाच असतो, मग मध्ये कोणी काहीही केलेले असो. त्यात एवढा प्रवास केला, एवढा खर्च केला, मोठ्या डॉक्टरांनी हात लावला, या भावनेनेही वेदना काही काळ खरोखरच कमी होते.

हा गुंता सोडवण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमधील अभ्यासाने पत्करला. त्याचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. नलिकेत खडे आणि पोटात दुखणे असलेल्या 106 रुग्णांची, त्यांच्या पूर्वसंमतीने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे खडे खरोखर फोडून नलिका दुर्बिणीतून मोकळी केली, तर दुसऱ्या गटावर लुटुपुटूची प्रक्रिया केली. बारा आठवड्यांनी शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर खऱ्या उपचाराच्या गटाची सरासरी वेदना 3.9 होती आणि लुटुपुटूच्या गटाची 4.6. चोवीस आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. माझ्या पाच महिन्यांचे हिशेबाने जवळजवळ बावीस आठवडे होतात. मी तो शोधनिबंध वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्या संस्थेत हे उपचार हातखंडा झालेले आहेत, तिनेच ते अशा कसोटीला लावावेत, याचे मला विशेष वाटते.

शस्त्रक्रियेची गोष्ट याच्या उलट आहे. आपल्याकडे चाकू हा शेवटचा उपाय समजला जातो, आणि माझ्या घरीही तसेच समजले गेले. नेदरलँड्समध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 39 रुग्णांच्या छोट्या अभ्यासात दोन वर्षांनंतर दुर्बिणीच्या गटातील 32 टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटातील 75 टक्के रुग्णांना वेदनेत आराम होता. 2020 साली त्याच देशातील 88 रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 58 टक्क्यांना पूर्ण किंवा अंशतः आराम मिळाला, आणि आधी दुर्बिणीचा मार्ग धरलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. या अभ्यासांत लुटुपुटूची शस्त्रक्रिया नव्हती, हे मी विसरत नाही. माझी शस्त्रक्रिया स्टेंटच्या पाच वर्षांनंतर झाली, आणि आधी का केली नाही याचे उत्तर ‘भीती’ एवढेच आहे.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांबद्दलही विचारले जाते. दिल्लीच्या एम्समधील 127 रुग्णांच्या अभ्यासात, 2009 साली, या गोळ्यांनी दुखण्याचे दिवस कमी झाले. मँचेस्टरमध्ये 2012 साली 70 रुग्णांत काही उपयोग दिसला नाही. दिल्लीचे रुग्ण तरुण आणि बरेचसे दारू न पिणारे होते, मँचेस्टरचे वयस्क आणि बहुतांशी पिणारे. मला दिल्लीची गोष्ट जवळची वाटते, पण तो माझा कल झाला, पुरावा नव्हे.

मागच्या महिन्यात जतहून एका गृहस्थांचा फोन आला. मुलगा 24 वर्षांचा, खडे नलिकेच्या मुखाकडच्या भागात, दुखणे दोन वर्षांचे. मी त्यांना हे सगळे सांगितले. खडे फोडण्याची तारीख घेण्याआधी शल्यविशारदाचेही मत घ्या, मुलाची तंबाखू आजच सोडवा, मल तेलकट जात असेल तर पाचक रसाच्या कॅप्सूलविषयी विचारा, आणि वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासा, असेही म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘ते सगळं खरं सर, पण तुम्हाला फरक पडला ना?’

मी ‘पडला’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. मिरजेत शल्यविशारदाची वेळ मिळाली होती, कॅप्सूलही सुरू झाल्या होत्या, पण मुलगा त्या जेवणानंतर तासाभराने पाण्याबरोबर घेत होता. मी म्हणालो, तसे नको. डॉक्टरांनी दोन सांगितल्या असतील तर एक पहिल्या घासाबरोबर आणि दुसरी अर्धी भाकरी झाल्यावर.