अर्धा किलोचा गोळा

मे महिन्यातली एक गाडी डोक्यातनं जात नाही. काम झालं, बिल मिटलं, गिऱ्हाईक खूश आहे. तरी संध्याकाळी शटर ओढताना तीच आठवते.

माझं गॅरेज बेळगावात, उद्यमबागला लागून. या भागात फौंड्री, लेथ, ग्राइंडिंगची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. गिऱ्हाइकांत टर्नर-फिटरच जास्त. गाडीतली एखादी वस्तू पटली नाही तर ही मंडळी बाजारात जात नाहीत, स्वतः करून बसवतात. हा पोरगाही त्यातलाच. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, काम करतो, घर जांबोटीकडं, गाडी सेकंडहँड घेतलेली पेट्रोल हॅचबॅक.

पहिल्यांदा आला तो फेब्रुवारीत, ब्रेक पॅड बदलायला. पॅड बसवून ट्रायलला निघालो आणि गिअरवर हात ठेवला तर मुठीच्या जागी स्टीलचा गोळा! ईएन ८ जातीच्या पोलादाचा ५० मिलिमीटरचा बार, प्रोग्रॅम टाकून गोल केलेला, खालनं १२ मिलिमीटरचे सव्वाच्या पिचचे आटे पाडलेले, वर एमरी मारून बफ केलेला. टूलची एक रेघ कुठं दिसत नव्हती. आटे असे बसले होते की शेवटचा फेरा घट्ट होऊन गोळा जागच्या जागी थांबायचा. बाजारात चिनी नॉब मिळतात, तीन बारक्या ग्रब स्क्रूवर अडकवलेले, महिन्याभरात गदागदा हलायला लागतात. त्यांच्यापुढं हे काम म्हणजे दागिना होता.

आणि गिअर! पहिल्यातनं दुसऱ्यात नुसता ढकलला आणि पुढचं अंतर तो आपला आपण गेला. मी त्याला म्हणालो, "झकास केलंस रे." ते वाक्य आता मला बोचतं.

वजनानं असं का होतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना ही नुसती हौस वाटते. हलकी मूठ असली की हाताला गिअरची प्रत्येक पायरी लागते. आधी गिअरला जागेवर धरणारी, स्प्रिंगनं दाबलेली खाचेतली गोळी सुटते, मग न्यूट्रल, मग वेग जुळवणारी पितळी रिंग गिअरच्या निमुळत्या कोनला टेकते तिथं क्षणभर अडतं, मग दात जुळून स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारी सरकती कडी, आत जाते. मूठ जड केली की एकदा हललेलं ते वजन थांबायला मागत नाही, आणि या बारक्या पायऱ्या हाताला न कळता पार होतात. त्यात वजन दांड्याच्या टोकाला असतं. टेकूपासनं अंतर दुप्पट झालं तर तेच वजन चौपट काम करतं, म्हणून वरचे शंभर ग्रॅम जाणवतात आणि खाली बुडाशी बांधलेले जाणवत नाहीत. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. केबलवर चालणाऱ्या बऱ्याच गिअरबॉक्सवर, सिलेक्टरच्या लिव्हरला, एक लोखंडी ठोकळा असतो. नवी पोरं विचारतात, हे ओझं कशाला? त्याचं काम हेच.

मे महिन्यात तो परत आला. गोळ्यावर मोजा चढवलेला, कारण उन्हात उभ्या गाडीत स्टील तापून हात भाजायचा. तोंड उतरलेलं.

"अण्णा, सेकंड सुटायलाय. चोर्ल्यात दोनदा सुटला."

कणकुंबी सोडून चोर्ला घाट गोव्यातल्या केरीकडं उतरत होता. दुसऱ्यात गाडी, पुढं वळण, समोरनं बस आली म्हणून ब्रेक दाबला, आणि दांडा आपोआप न्यूट्रलला आला. शेजारी आई बसलेली. दुसऱ्या गिअरनं इंजिन गाडीला धरून ठेवतं, ते धरणं एका क्षणात गेलं आणि गाडी मोकळी सुटली. तो घाट मी शंभरदा उतरलोय. ऐकूनच माझे तळहात घामेजले.

माझ्याकडं यायच्या आधी तो दोन ठिकाणी जाऊन आला होता. एकानं बॉक्स न उतरवता, ट्रायलसुद्धा न मारता २८ हजार सांगितले. दुसरा म्हणाला, तो गोळा काढून टाक, सगळं बरोबर होईल. न उघडता आकडा सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण हा दुसरा जास्त धोक्याचा, कारण त्याचं ऐकलं असतं तर गाडी बरी झाल्यासारखी वाटली असती.

मी आधी वजनकाटा काढला. गोळा भरला ४८७ ग्रॅम, कंपनीची मूठ ९४. मग पोराला बाजूला बसवून खानापूर रोडच्या एका मोकळ्या उतारावर गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये ठरलेला वेग, ठरलेल्या जागी ब्रेक, गिअरवर हात नाही. गोळा लावून दहा वेळा, मूठ लावून दहा वेळा. गोळ्यानं सहादा सुटला. मुठीनं एकदा.

त्या एकदावरच सगळं होतं. मूठ लावूनही गिअर सुटत असेल तर रोग आत आहे.

दुसरा गिअर पडताना दांडा मागं येतो. जोरात ब्रेक मारला की गाडी थांबू बघते आणि दांड्यावरचं वजन पुढं, म्हणजे न्यूट्रलकडं ओढतं. अर्ध्या किलोची ती ओढ पाव किलोच्या आसपास भरेल. चांगल्या बॉक्सला हे काहीच नाही, खाचेतली गोळी आणि स्प्रिंग त्याच्या कितीतरी पट जोरानं धरून असते. पण धरणाराच ढिला असेल तर?

बॉक्स उतरवायला लावला. गोकाककडचा पोरगा आहे माझ्याकडं, कानडीत "आयतु अण्णा", म्हणजे बरं अण्णा, म्हणाला आणि जॅक लावला. उतरवतानाच इंजिन-गिअरबॉक्सला धरणारं एक रबरी माउंटिंग फाटलेलं दिसलं. रबर चिरून दोन तुकडे, नुसतं टेकून होतं. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच झोके घेत असणार आणि केबल आत-बाहेर ओढली जात असणार.

ऑइल काढलं. पांढऱ्या ट्रेमध्ये बॅटरी मारली तर तळाशी सोनेरी भुकटी फिरत होती, हळदीकुंकवाच्या करंड्यात चमकी सांडल्यासारखी. ते पितळ. दुसऱ्याची ती पितळी रिंग, सिंक्रो रिंग म्हणतात तिला, कोनवर दाबून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, घातला. निदान अर्धा मिलिमीटर फट राहायला हवी. ०.३ ची पातीसुद्धा अडकत होती. आणि गिअरचे बारके दात, जे टोकाला पेन्सिलीसारखे असायला हवेत, ते बोथट. या दातांना बाजूनं किंचित उलटा उतार दिलेला असतो. ताण आला की स्लीव्ह त्यानंच आत खेचली जाते, बाहेर येत नाही. तो उतारच गोल झाला होता.

रिंगबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश, म्हणजे अशी रिंगवाली रचना, आणलं, त्याआधी सगळा खेळ ड्रायव्हरच्या कानावर आणि पायावर. माझे वस्ताद जुन्या ट्रकवर शिकलेले, डबल क्लच मारत घाट चढायचे. ते म्हणायचे, गिअर घालायचा नसतो, विचारायचा असतो. आता ते विचारायचं काम रिंग करते. गिअर आणि शाफ्ट दोन्हींचा वेग जुळेपर्यंत स्लीव्हला वाटेत अडवून धरते. हाताला जो क्षणभराचा अडसर लागतो, तो तिचा "थांब". रिंग झिजली की ती थांबवू शकत नाही, दात दातांवर घासतात आणि खर्र होतं.

सुटे भाग टेबलावर मांडून मी पोराला दाखवत होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, गाडी घेतली तेव्हा सकाळी सकाळी सेकंड अडायचा, मधेच खर्र करायचा. म्हणूनच तर गोळा केला मी. गोळा लावल्यावर गेलं बघा ते."

मी खालीच बसलो.

ते गेलं नव्हतं. हाताला कळेनासं झालं होतं. रिंग अगोदरच दमलेली, थांब म्हणत होती, आणि अर्धा किलो वजन तिला रेटून पुढं जात होतं. त्याला वाटलं गिअर सुधारला. फेब्रुवारीत मलाही तेच वाटलं, आणि माझा हात या धंद्यात सव्वीस वर्षांचा आहे. गोळा फिरवून काढायला मला दहा सेकंद लागले असते. जुनी मूठ लावून एक फेरी मारली असती तर तेव्हाच कळलं असतं, कदाचित नुसत्या रिंगवर भागलं असतं. पण कारागिरी बघून मी भारावलो आणि बॉक्सकडं कान दिला नाही.

रिंग, दुसरा गिअर, स्लीव्ह-हब, स्प्रिंग-गोळी, माउंटिंग, सगळं नवं घातलं. गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचंच भरलं. काही जण जीएल-५ जास्त भारी म्हणून ओततात. त्यातली रसायनं पितळी रिंगला मानवत नाहीत, हे कितीदा सांगायचं? मजुरीतले निम्मे पैसे मी घेतले नाहीत. पोराला कारण सांगितलं, त्याला ते पटलं नाही, तरी घेतले नाहीत.

मग स्टीलचा गोळा परत चढवून त्याच उतारावर गेलो. वीस वेळा. एकदाही सुटला नाही. म्हणजे गोळा निर्दोष? असं माझ्यानं म्हणवत नाही. ते दात आधीपासनं किती बोथट होते आणि गोळा लावल्यावर किती झाले, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. जुना गिअर मी भंगारात टाकलेला नाही. अधनंमधनं भिंगाखाली धरून बघतो.

पोराला म्हटलं, हौस करायचीच तर ॲल्युमिनियमचा कर. त्याच मापाचा गोळा १६८ ग्रॅमचा झाला. हाताला भरीव लागतो, आणि रिंग काय म्हणते तेही कळतं.

परवा केरीहून त्याचा फोन आला. घाट उतरून चहाला थांबला होता.

"अण्णा, सेकंड घालताना किंचित अडतंय बघा. काय तरी लागतंय हाताला."

"खर्र होतंय?"

"नाही. नुसतं अडतंय, मग जातंय."

"मग लागू दे," म्हटलं. "ती रिंग आहे."