बोर्दो ते सेत: कालव्याकाठच्या सायकल प्रवासाचा माझा अनुभव

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये दोन कालवे एकमेकांना जोडलेले आहेत. कास्ते-आं-दोर्त या गावापासून तुलूझपर्यंत 193 किलोमीटरचा गारोन कालवा आहे, आणि तुलूझपासून भूमध्य समुद्राला लागून असलेल्या ‘तो’ नावाच्या खाजणापर्यंत 240 किलोमीटरचा मिदी कालवा आहे. पूर्वी काठावरून घोडे चालत आणि दोरखंडाने बोटी ओढत. त्याच वाटांवरून आज सायकली जातात. ‘वाट सपाट आहे, कोणालाही जमेल’ असे या मार्गाविषयी नेहमी सांगितले जाते आणि चढाच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु दिवसाला किती अंतर कापता येईल हे येथे चढावर ठरत नाही. ते वाटेचा पृष्ठभाग, वारा आणि दुकानांच्या वेळा यांवर ठरते. माझे पती आणि मी बोर्दोहून या खाजणाजवळच्या, समुद्राकाठच्या सेतपर्यंत गेलो. त्यासाठी केलेली तयारी आणि प्रत्यक्ष वाट यांविषयी येथे तपशिलाने लिहीत आहे, कारण मराठीत अशी माहिती मला शोधूनही मिळाली नव्हती.

नियोजनाला खरे वळण व्हिसाने दिले. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामांचे पुरावे, विमानाचे आरक्षण आणि किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. युरोपात राहणारा सायकलस्वार संध्याकाळ झाली की जवळच्या गावात मुक्काम शोधतो. आम्हाला मात्र पुण्यात बसूनच प्रत्येक रात्रीचे गाव ठरवणे भाग होते. म्हणून आम्ही मुक्काम शक्यतो बोर्दो–तुलूझ–सेत या रेल्वेमार्गावरील गावांत ठेवले. हा लोहमार्ग बराचसा कालव्याला समांतर धावतो, त्यामुळे पाऊस किंवा आजारपण आडवे आले तरी पुढच्या आरक्षित मुक्कामी पोहोचण्याची सोय राहते. महिना सप्टेंबरचा निवडला, कारण जुलै-ऑगस्टमध्ये या भागात ऊन फार असते आणि मुक्कामाच्या जागाही लवकर भरतात.

सायकली विमानाने नेण्याऐवजी बोर्दोतच भाड्याने घेतल्या. तेथे माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी होता, तो म्हणजे टायर किमान 35 मिलिमीटर रुंद हवेत. त्याचे कारण पुढे येईलच. सामानाच्या पिशव्या मागच्या कॅरिअरला अडकवल्या. घंटी आणि पुढचे-मागचे दिवे कायद्याने आवश्यक आहेत, आणि गावाबाहेर रात्री किंवा अंधूक उजेडात चमकणारे जाकीट घालणेही सक्तीचे आहे.

बोर्दोहून निघाल्यावर कालवा लगेच भेटत नाही. आधी सोव्हतेर-द-ग्विएनपर्यंत एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी सायकल-वाट आहे. 1937 ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या रोजे लापेबी यांचे नाव तिला दिले आहे. रेल्वेचा मार्ग असल्याने चढ अगदी सौम्य आहेत. सोव्हतेरपासून ला रेओलकडे जाताना मात्र द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून खरोखरचे चढउतार लागतात. संपूर्ण प्रवासातला रस्त्यावरच्या सायकलिंगचा पहिला उत्तम तुकडा हाच. ‘डी’ अक्षर आणि पुढे क्रमांक असलेले हे जिल्हा रस्ते अरुंद आहेत, पण वाहने तुरळक असतात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा नियम आहे, आणि आम्हाला भेटलेल्या बहुतेक चालकांनी तो पाळला. आपण मात्र ‘उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य’ हा तेथील नियम डोक्यात पक्का ठेवायला हवा, कारण खुणा नसलेल्या चौकात उजवीकडच्या लहानशा गल्लीतून येणाऱ्या गाडीचाही हक्क पहिला असतो.

गारोन कालव्याची वाट जवळपास सर्वत्र डांबरी आहे, त्यामुळे येथे शर्यतीच्या बारीक टायरची सायकलही निर्धास्त चालते. दर काही किलोमीटरवर लॉक येते. लॉक म्हणजे दोन दारांमधली दगडी टाकी. तिच्यातले पाणी वाढवून किंवा कमी करून बोट वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेतात. सायकलस्वाराला त्याची जाणीव एका छोट्याशा चढापुरतीच होते. वेग सहज मिळतो, पण एकसुरीपणा जाणवतो. म्हणून वाट सोडून गावांत शिरावे असे मी आग्रहाने सांगेन. ल मास-दाझने हे काठावरचे लहान गाव. त्याच्या चर्चमध्ये रेम्ब्रांटने 1631 मध्ये रंगवलेले क्रुसावरील ख्रिस्ताचे चित्र आहे. एवढ्याशा गावात ते चित्र समोर पाहताना मी भारावून गेले. आझां येथे कालवाच 23 कमानींच्या, 539 मीटर लांबीच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर बोटी आणि शेजारून आपण, असे ते दृश्य आहे. म्वासाकच्या मठातील 1100 सालचा स्तंभमंडप तर कोणी चुकवूच नये.

खाण्यापिण्याची शिस्त येथे लावून घ्यावी लागते. ग्रामीण भागात उपाहारगृहाचे स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालते. अडीचला पोहोचल्यास कॉफीवर भागवावे लागते. रविवारी दुपारी आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही दुकाने बंद असतात. आम्ही शाकाहारी असल्याने सकाळीच बेकरीतून पाव आणि बाजारातून चीज, टोमॅटो, द्राक्षे घेऊन ठेवत असू. पाण्याचा प्रश्न गावच्या दफनभूमीतील नळाने सुटतो. तेथील सायकलस्वारांची ही रूढ रीत आहे. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, हे पाहून घ्यावे.

तुलूझनंतर डांबर पोर-लोरागपर्यंत, म्हणजे सुमारे 50 किलोमीटर, टिकते. त्यानंतर लवकरच नोरूझ येते. माझ्या मते या प्रवासाचे हृदय तेच. समुद्रसपाटीपासून 189 मीटर उंचीवरचा हा जलविभाजक आहे. येथून पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे उतरते. कालवा सर्वोच्च ठिकाणी भरलेला ठेवायचा तर त्याला पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न पिएर-पॉल रिके या मिठावरील कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने सोडवला. मोंताग्न न्वार डोंगरातील ओढे अडवून, चारीवाटे ते पाणी त्याने नोरूझपर्यंत आणले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची मंजुरी 1666 मध्ये मिळाली, कालवा 1681 मध्ये खुला झाला आणि रिके त्याच्या आदल्या वर्षी मरण पावला. मुख्य वाट सोडून थोडे आत गेले की ती चारी येऊन मिळते ती जागा दिसते. आम्ही तेथे बराच वेळ थांबलो. ज्या पाण्याच्या सोबतीने इतके दिवस आलो, ते या जागी विभागते हे डोळ्यांनी पाहण्याचे समाधान मोठे होते.

पुढे ओद जिल्ह्यात वाटेचे रूप पालटते. आम्ही गेलो तेव्हा ती कच्ची होती. कोठे खडी, कोठे एकाच चाकापुरती मातीची पट्टी आणि कोठे झाडांची उघडी पडलेली मुळे. रुंद टायरचा आग्रह यासाठीच होता. तरीही वेग निम्म्यावर येतो आणि मनगटे दुखू लागतात. त्यातच लोराग भागात आग्नेयेकडून येणारा ओतां वारा समोरून झोडपतो. उलट कारकासोनच्या पुढे वायव्येचा सेर वारा असेल तर तो पाठीवर येतो. सावलीचाही भरवसा नाही, कारण चिनारच्या कुळातील प्लेन वृक्षांना 2006 पासून येथे बुरशीचा रोग लागलेला आढळला असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत. नव्या रोपांच्या रांगा पाहून आशा वाटते, परंतु उघड्या पडलेल्या काठांवरून जाताना मन विषण्ण होते.

म्हणून या अर्ध्या भागात कालवा आणि रस्ता यांची अदलाबदल करावी, असे माझे ठाम मत आहे. विशेषतः बेझिए शहराजवळच्या फोंसेरानच्या आधी सुमारे 54 किलोमीटर एकही लॉक नाही. ही पातळी राखण्यासाठी कालवा टेकड्यांच्या कडेकडेने फार वळणे घेतो, आणि गावांना जोडणारे जिल्हा रस्ते तेच अंतर कमी किलोमीटरमध्ये कापतात. द्राक्षतोडणीचा हंगाम असल्याने आम्हाला ट्रॅक्टरांना वाट द्यावी लागली, एवढाच काय तो अडथळा. मात्र कापेस्तांगनंतर पुन्हा काठावर यावे. मालपा येथे कालवा डोंगराखालच्या बोगद्यातून जातो, आणि जवळच्या आंसेरूनच्या टेकडीवरून मध्ययुगात निचरा करून शेतीखाली आणलेले मोंतादीचे तळे दिसते. मध्यबिंदूतून सूर्यकिरणांसारख्या निघालेल्या चरांमधली ती त्रिकोणी शेते पाहण्यासाठी चढाचा घाम गाळणे सार्थकी लागते. त्यानंतर बेझिएजवळ फोंसेरानची लॉकची पायऱ्यांसारखी उतरंड येते.

शेवटचा टप्पा मार्सेयांहून सेतपर्यंतचा, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजण असलेल्या वाळूच्या पट्टीवरचा. वाट चांगली आहे, पण आडोसा अजिबात नाही, म्हणून तो सकाळीच उरकावा. सायकली बोर्दोला परत करायच्या असल्याने आम्ही सेतहून लांब पल्ल्याची रेल्वे घेतली. तिच्यात सायकलचे वेगळे आरक्षण सक्तीचे असते आणि जागा मोजक्याच असतात. त्यामुळे परतीची तारीख ठरताच ते आधी करावे. डब्यात सायकल पुढच्या चाकाने आकड्याला टांगावी लागते आणि गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा सामानाच्या पिशव्या फलाटावरच उतरवून तयार राहावे.