चौदाशे मीटरच्या वर

महाराष्ट्रात डोंगर चढणाऱ्या माणसाला ‘किती झाले?’ असे विचारले, की तो किल्ल्यांचा आकडा सांगतो. कोणाचे शंभर झालेले असतात, कोणाचे अडीचशे, आणि ज्याचे खूप झालेले असतात तो आकडा सांगण्याचे टाळून फक्त हसतो. यात काही वावगे नाही. सह्याद्रीत इतिहास आणि भूगोल एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना डोंगराची गोडी शिवचरित्रातूनच लागलेली असते. मात्र या सवयीमुळे एक गोष्ट नकळत घडते. ज्या डोंगरावर तटबंदी नाही, दरवाजा नाही, कोरीव टाके नाही, तो डोंगर कितीही उंच असला तरी आपल्या हिशेबात येत नाही. कळसूबाई तेवढी अपवाद. ती १६४६ मीटर उंचीची, राज्यातील सर्वोच्च जागा; किल्ला नसूनही देवीमुळे आणि त्या पहिल्या क्रमांकामुळे तिच्यावर गर्दी लोटते. त्याच अकोले तालुक्यातील घनचक्कर, गवळदेव, मुडा आणि कात्राबाई ही शिखरे हरिश्चंद्रगडाच्या तोलाची किंवा त्याहून उंच असूनही, नित्यनेमाने डोंगरात जाणाऱ्या अनेकांना त्यांची नावे सांगावी लागतात. मीही कित्येक वर्षे किल्लेच मोजत होतो. उंचीच्या यादीमागे लागलो तो एका काकांमुळे.

त्यांची भेट हरिश्चंद्रगडावर, तारामतीच्या माथ्यावर झाली. पाचनईकडून गडावर येणारे बहुतेक लोक हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर पाहतात, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्यात उभे राहून पिंडीला प्रदक्षिणा घालतात, कोकणकड्यावर सूर्यास्त पाहतात आणि परततात. मंदिराच्या मागे उभे असलेले तारामती, म्हणजे गडाचा १४२९ मीटर उंचीचा खरा माथा, त्यांपैकी अनेकांचा राहूनच जातो. मी वर पोहोचलो तेव्हा सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ टोपोशीटची, म्हणजे डोंगरांची उंची दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची, घडी गुडघ्यावर धरून समोरच्या रांगा ओळखत उभे होते. नमस्कार होताच त्यांनी मला विचारले, “तुम्ही कोकणकडा करून इकडे आलात, की आधी इकडे?” मी आधी इकडे आलो आहे, हे ऐकून त्यांना झालेला आनंद मला त्या वेळी थोडा विचित्र वाटला. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांची नोकरी झाली होती, नकाशे वाचण्यातच हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्रातील चौदाशे मीटरहून उंच असलेल्या प्रत्येक शिखराच्या सर्वांत उंच दगडावर पाय ठेवायचा त्यांचा उद्योग चालू होता. पिशवीतून त्यांनी लांबट हिशेबाची वही काढली. एकेका शिखराला एकेक पान दिलेले होते. त्यावर तारीख, हवा, कोणत्या गावातून चढलो, वाटाड्या कोण होता आणि पाणी कोठे मिळाले, एवढेच लिहिलेले होते. मनात काय आले, याचा एक शब्दही नव्हता.

अशा याद्यांची परंपरा त्यांना ठाऊक होती. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत, आणि ती पुरी करण्यात तेथील हजारो लोकांचे आयुष्य जाते. गंमत अशी, की ती पुरी केल्याचा पहिला मान १९०१ साली रॉबर्टसन नावाच्या एका पाद्र्याला मिळाला, आणि स्वतः मन्रो मात्र १९१९ साली यादी अपुरी ठेवूनच वारले. हे सांगताना काकांचा सूर हळहळीचा नव्हता. यादी करणाऱ्याने ती पुरी केलीच पाहिजे असा नियम नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

नियम मात्र त्यांचे स्वतःचे होते, आणि ते मला खालच्या वाडीपर्यंत उतरताना समजावून मिळाले. शिखर पायथ्याच्या गावापासून पायी चढलेले असावे. त्यामुळे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर मोटारीने जाऊन उभे राहिलेला माणूस त्यांच्या हिशेबी तेथे गेलेलाच नसतो. माथ्यावर देऊळ असेल तर पायरीला हात लावणे पुरेसे, कारण देवाच्या डोक्यावर चढून कोणी उंची गाठत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिखराला स्वतःचा उठाव हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. एका शिखरावरून शेजारच्या अधिक उंच शिखराकडे जाताना मधल्या खिंडीत किमान तीन रेषा, म्हणजे साठ मीटर, उतरावे लागत असेल तरच ते वेगळे शिखर. नाहीतर ते मोठ्या शिखराचा खांदा. एक रेषा काढणाऱ्याच्या हातून चुकू शकते, तीन चुकत नाहीत, असे त्यांचे आरेखकी तर्कशास्त्र होते. या मापाने पाहिले तर कळसूबाईची थोरवी निराळीच दिसते. तिच्याहून उंच जमिनीवर जायचे तर उत्तरेला अबूचे गुरुशिखर (१७२२ मीटर) किंवा दक्षिणेला कर्नाटकातील मुळ्ळयनगिरी (१९३० मीटर) अशा लांबच्या डोंगरांकडे पाहावे लागते, आणि मध्ये पार खाली उतरावे लागते.

ही काटेकोर व्याख्या सह्याद्रीत लागते याला कारण आहे. आपले डोंगर वळ्या पडून उचललेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले आणि नंतर पाण्याने ते कापून काढले. म्हणून एका रांगेतील शिखरांची उंची जवळपास सारखी असते आणि अनेकांचे माथे टेबलासारखे सपाट असतात. टोकदार शिखराचा सर्वोच्च दगड शोधावा लागत नाही. सपाट माथ्याचा शोधावा लागतो.

घरी आल्यावर मी नाशिक आणि अकोले भागातील टोपोशीट मिळवली आणि काकांच्या नियमांनी स्वतःची यादी करायला घेतली. हे काम वाटले त्यापेक्षा बरेच किचकट निघाले. पुस्तकांतील उंची, फलकांवरील उंची आणि नकाशावरील उंची यांचा मेळ बसत नाही. काही ठिकाणी फुटांचे मीटर करताना आकडा गोल केलेला असतो, काही ठिकाणी शेजारच्या शिखराची उंची किल्ल्याच्या नावावर खपवलेली असते. शिवाय मर्यादा म्हटली की तिच्या काठावर कोणीतरी अडकतेच. तोरणा १४०३ मीटरने जेमतेम आत येतो आणि राजगड बाहेर राहतो. हे मला फार दिवस पचले नाही. काकांना फोन करून मी तसे बोलूनही दाखवले. त्यांचे उत्तर होते, “राजगडावर खुशाल जा, शंभर वेळा जा. यादीत घालू नका.”

चढाईबद्दल सांगायचे तर कळसूबाईवर फार लिहिण्यासारखे नाही. बारी गावातून सुमारे आठशे मीटरचा चढ आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, वाट चुकण्याची शक्यता नाही आणि शनिवारी रात्री तर माणसांची रांगच असते. मी सर्वांना मधल्या वारी जाण्याचा सल्ला देईन. सकाळच्या स्वच्छ हवेत अलंग, मदन, कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि मागे पट्टा-औंढा असा पुढचा सगळा कार्यक्रम तेथून समोर मांडलेला दिसतो. यादीची सुरुवात येथून करावी ती एवढ्यासाठीच.

साल्हेर १५६७ मीटर उंचीचा, म्हणजे राज्यातील सर्वांत उंच किल्ला. येथे दोन्ही याद्या एकत्र येतात. वाघांबे गावातून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधील खिंडीत चढायचे, तेथून कोरीव पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे ओलांडून गंगासागर तलावाच्या पठारावर यायचे, आणि मग शेवटचा उभा चढ चढून परशुरामाच्या लहानशा मंदिरापाशी पोहोचायचे. १६७२ साली याच गडाच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मैदानी लढाईत पराभव केला, आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत साल्हेरही आहे. पण त्या दिवशी मी जे टिपले ते वेगळेच होते. अनेक लोक तलावापाशी डबे सोडून बसले होते आणि वरच्या टेकाडाकडे मान वर करून पाहत होते. किल्ला ‘झालेला’ होता. शिखर अजून वर होते. यादीचा पहिला खरा उपयोग मला तेथे कळला. ती थकलेल्या माणसाला जेवणाआधी वर पाठवते.

घनचक्करला मात्र मी काकांबरोबर गेलो, आणि तो दिवस सविस्तर सांगण्याजोगा आहे. राजूरमार्गे शिरपुंजे गाठून आम्ही गावातल्या एका तरुणाला वाटाड्या म्हणून घेतले. शिरपुंज्याच्या भैरवगडाची वाट मळलेली आहे, कारण गडावर भैरोबाचे ठाणे आहे. खिंडीत पोहोचल्यावर एका हाताला देवाची वाट जाते, दुसऱ्या हाताला घनचक्करची. या दुसऱ्या हाताला ढोरवाटा फुटतात, कारवीच्या रानात माणूस दिसेनासा होतो, आणि दिवाळीनंतर वाळलेले गवत घोट्याखालच्या घसाऱ्यावर पाय ठरू देत नाही. काकांचा वेग कमी होता, पण ते थांबतच नसत. मी पुढे जाऊन धापा टाकत बसे, ते त्याच संथ चालीने मला ओलांडून जात, आणि दुपारपर्यंत आमच्यात पुढे कोण हा प्रश्न उरला नाही.

माथ्यावर लांबरुंद पठार आहे. त्यावर साधारण पन्नास पावलांच्या अंतराने दोन उंचवटे होते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. माझ्या मोबाइलमधील उपग्रहाधारित उंची एकाच जागी उभे राहूनही दर मिनिटाला काही मीटर इकडेतिकडे होत होती. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे घड्याळ सकाळी ज्ञात उंचीवर लावून घेतले तरी दिवसभरात हवामान बदलते तसे सरकते, त्यामुळे दोन-चार वितींच्या फरकासाठी त्याचाही उपयोग नव्हता. काकांनी पिशवीतून गवंडी वापरतात तशी पारदर्शक लेव्हल नळी काढली. तिच्यात पाणी भरून, टिचक्या मारून हवेचे बुडबुडे घालवले, दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि एक टोक वाटाड्याच्या हातात दिले. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभे राहते. ज्या टोकाला जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर कमी, ती जमीन उंच. नळी दोन उंचवट्यांत एकदम पुरण्याइतकी लांब नव्हती, म्हणून टप्प्याटप्प्याने पुढे सरकत प्रत्येक वेळचा फरक वहीत मांडत गेलो. उत्तरेकडचा उंचवटा वीतभराने उंच निघाला. मग काका उलट दिशेने पुन्हा मोजत परत आले, आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच त्यांनी तेथील दगडावर पाय ठेवला. वाटाड्याला या सगळ्यात आमच्यापेक्षा जास्त रस वाटला. त्याच्या घराच्या जोत्याला गवंड्याने हीच नळी लावली होती, आणि भाताच्या वरच्या खाचराचा बांध सपाट करायला ती वापरता येईल का, हे त्याने उतरताना काकांना तपशिलाने विचारून घेतले. नळीतील पाणी काकांनी गाळून परत बाटलीत भरले, कारण माथ्यावर दुसरे पाणी नव्हते.

हे काम वेडेपणाचे आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण किल्ल्यावर जाणारा माणूस दरवाजातून आत जाऊन ठरलेल्या जागा पाहतो. शिखर शोधणाऱ्याला माथ्याचा कोपरान् कोपरा पाहावा लागतो, खिंडी कोठे आहेत आणि सोंडा कोणत्या गावात उतरतात हे कळावे लागते, आणि त्या गावांतील माणसांना विचारल्याशिवाय त्याचे पान हलत नाही. त्या दिवशी गवळदेव, मुडा आणि कात्राबाई ही नावे माझ्यासाठी पहिल्यांदा समोरचे डोंगर झाली. हा सगळा प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे मुक्काम कोठे करता येईल हे वनखात्याला आधी विचारावे, आणि कोरड्या गवतात चूल अजिबात पेटवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात ढगांमुळे माथाच सापडत नाही, आणि सापडला तरी काका तो धरत नाहीत, कारण शेजारचा उंचवटा दिसलेला नसतो.

माझी यादी आता बरीच पुढे सरकली आहे. अलंग आणि मदन दोर लावल्याशिवाय होत नाहीत, म्हणून ते जाणत्या गिर्यारोहकांबरोबर करायचे ठेवले आहेत. वाद उरला आहे तो धोडपचा. सातमाळा रांगेतील हा किल्ला हट्टी गावातून सहज चढता येतो आणि शेंडीच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळी सुळक्याच्या, पोटातील देवीच्या गुहेपर्यंत कोणीही जाऊ शकतो. त्यापुढची शेंडी मात्र निव्वळ कातळ आहे. काका ऐन उमेदीत दोराशिवाय तेथे गेले नाहीत आणि आता गुडघे त्यांना जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्या वहीत धोडपचे पान तारखेशिवाय कोरे आहे. मी गुहेपर्यंत जाऊन आलो आणि माझ्या यादीत पेन्सिलीने खूण केली. ती खोडून टाका, असे ते प्रत्येक फोनवर सांगतात. दरम्यान त्यांनी स्वतःची मर्यादा बाराशे मीटरवर आणली आहे. रतनगड, ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि मांगी-तुंगी यांची पाने आखून तयार आहेत, आणि नव्या मर्यादेत राजगडही आपोआप बसतो, हे त्यांनी मला मुद्दाम कळवले.