‘ज्याअर्थी’ची पडताळणी

वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कार्यालयात मी सहायक होते, तेव्हाची ही गोष्ट. मार्च सरत आला होता आणि ६ एप्रिलच्या टार्टन दिनाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्कॉटिश वारशाच्या दिवसाच्या, ठरावाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. स्कॉटलंड आणि अमेरिका यांचा स्वातंत्र्याचा वारसा एक आहे, असं सांगणारा ठराव. १९९८ मध्ये सिनेटने असाच एक ठराव केला होता, त्याचीच वाक्यं उचललेली.

अशा ठरावाला कायद्याचं बळ नसतं. तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जात नाही, त्यातून एक डॉलरही खर्ची पडत नाही. त्याचा सगळा जीव प्रस्तावनेतल्या ‘ज्याअर्थी’मध्ये. म्हणूनच तिथला शब्दन् शब्द खरा हवा, असं मला मनापासून वाटतं. कायद्यात चूक राहिली तर कोर्ट आहे, दुरुस्ती आहे. इथली चूक कुणी सुधारत नाही, ती पुढच्या ठरावात जशीच्या तशी उतरते.

मसुद्यात लिहिलं होतं: ज्याअर्थी आर्ब्रोथच्या जाहीरनाम्यावर ६ एप्रिल १३२० रोजी सह्या झाल्या आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच्याच धर्तीवर रचला गेला...

मी एडिनबरामध्ये जपलेल्या प्रतीचं छायाचित्र पडद्यावर मोठं करून पाहिलं. दाट लॅटिन अक्षरं आणि खालच्या कडेला लोंबणाऱ्या मेणाच्या मुद्रा, लाल आणि हिरव्या, कडा झिजलेल्या. उरल्यात एकोणीसच. सही एकही नाही. मुळात आर्ब्रोथचा जाहीरनामा म्हणजे स्कॉटिश सरदारांनी पोप बाविसावे जॉन यांना पाठवलेलं पत्र. आणि १७७६ मध्ये अमेरिकेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्यासमोर ते होतं, याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही.

दुपारी स्कॉटिश वंशाच्या मतदारांच्या वतीने एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांना मी हे सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पडला.

“आजोबांपासून हेच ऐकत आलोय. धर्तीवर हा शब्द काढलात, तर आमचं उरतं काय?”

मग त्यांनी पत्रातला तो प्रसिद्ध भाग म्हणून दाखवला. आमच्यातले शंभर जरी जिवंत असले तरी इंग्रजांचं राज्य पत्करणार नाही. आम्ही लढतो ते वैभवासाठी नव्हे, स्वातंत्र्यासाठी. म्हणताना त्यांचा आवाज कापत होता.

मी भाषांतराचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि त्याच्या आधीच्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे सरदार आपल्याच राजाबद्दल, रॉबर्ट ब्रूसबद्दल लिहितात: त्याने हाती घेतलेलं काम सोडलं आणि आम्हाला इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तर त्याला शत्रू समजून हाकलू आणि आमचं रक्षण करील अशा दुसऱ्याला राजा करू. १७७६ चा जाहीरनामाही सरकारची सत्ता लोकांच्या संमतीतून येते म्हणतो आणि ते सरकार बदलायचा हक्क लोकांना देतो. नक्कल केली नसली, तरी विचाराचं नातं दिसतंच.

त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या.

मसुद्यातल्या ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ या शब्दावर मात्र आमचं बराच वेळ अडलं. पत्रातलं स्वातंत्र्य राज्याचं आहे, शेतात राबणाऱ्या माणसाचं नाही. शेवटी तो शब्द आम्ही दोन्ही देशांच्या आजच्या लोकशाहीबद्दलच्या कलमात नेला. ‘सह्या झाल्या’च्या जागी ‘मुद्रा उमटवल्या’ आलं. ‘धर्तीवर’ गेलं आणि ‘दोन्हींत सत्ता शर्तीने दिलेली आहे’ असं वाक्य बसलं. सिनेटरनी एकही शब्द न बदलता ते मान्य केलं.

पुढे सगळ्या कार्यालयांना विचारणा झाली, कुणाची हरकत आली नाही. मंजुरीच्या संध्याकाळी ते गृहस्थ पास घेऊन वर गॅलरीत बसले होते, मी शेजारी. खाली सभागृह जवळजवळ रिकामं. दिवसाचं काम आवरतानाच अशा ठरावांची पाळी येते. शीर्षक वाचलं गेलं, प्रस्तावनेचा नुसता उल्लेख झाला, पीठासीन सदस्य म्हणाले, “हरकत नसल्याने मंजूर.”

“वाचलंच नाही की!” ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सभागृहाच्या छापील इतिवृत्ताचं पान दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ‘ज्याअर्थी’पासून एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. ‘मुद्रा’ या शब्दापाशी बोट थांबलं.