नट बोटानं फिरला पाहिजे

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी बारा वर्षं इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात थ्रेड गेज, म्हणजे आटे तपासायचं माप. गो बाजू सरसर जाते का, नो-गो बाजू अडते का, हेच बघायचं. आणि मागच्या जूनमध्ये स्वतःच्या गाडीच्या चाकांचे नट मात्र मी न तपासता बसवू दिले. अलॉयची चाकं घेताना आपण डिझाईन आणि किमतीवर तासभर घासाघीस करतो, नट दुकानदार देईल ते घेतो. म्हणून हे लिहितोय.

गाडी जुनी स्विफ्ट. पत्र्याच्या डिस्क काढून पंधरा इंची अलॉय घेतली. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांची मांडणी, ४ बाय १०० (चार भोकं, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), ती जुळली. पण नव्या अलॉयची भोकं अरुंद, जुन्या नटावर पाना शिरेना. दुकानातल्या पोरानं डब्यातून बारीक नट काढले. दोन आटे हातानं गेले आणि अडले. "बसतंय की ओ, गन लावली की बसतंय," म्हणाला. नट आवळायची गन लावली, बसले.

रविवारी घरच्यांना घेऊन चोर्ला घाटाकडं निघालो. जांबोटीच्या पुढं वळणावर कट-कट ऐकू यायला लागलं. "अहो, डावीकडनं कसला आवाज येऊलाय बघा की," बायको म्हणाली. उतरून पाना लावला तर नट जागचा हलेना, चाक मात्र हलत होतं. नट चाकावर बसलाच नव्हता, आट्यांतच जाम झाला होता. मागं पोरं झोपलेली. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गाडी ओढूनच परत आणली.

सोमवारी नट तोडून काढले. आट्यांचे शेंडे सोलून निघाले होते, नटातून चकचकीत लोखंडाची केसाएवढी तार लोंबत होती. पिच गेज लावला, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, १२ मिलिमीटर जाड, पिच १.२५, सुझुकीचा असतो तसा. नट १२ चाच, पण पिच १.५. शेजारी ठेवले तरी डोळ्याला फरक कळत नाही, बोटाला लगेच कळतो. खराब झालेले स्टड ठोकून काढून नवे घातले.

नवे नट घेताना मग सगळंच तपासलं. पिचइतकीच महत्त्वाची नटाची बैठक, म्हणजे नट चाकाला टेकतो तो भाग. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा निमुळता नट लागतो. काही कंपन्यांच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक असते, काहींना सपाट वॉशरवाला नट. मी नटाला निळा रंग फासून हातानं आवळला आणि परत काढला. भोकात रुंद, अखंड निळा पट्टा उमटला. बैठक चुकीची असती तर नुसती बारीक रेघ उमटली असती, आणि तेवढ्याशा रेघेवर अख्खं चाक पेललं असतं.

नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीएवढा चढायला हवा. १.२५ पिचला म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. कमी भरले तर दुसरा नट घ्या. रंगीत ॲल्युमिनियमचे नट दिसायला छान, पण रोजच्या गाडीला मी पोलादीच घेईन.

लॉक नट, म्हणजे फक्त त्यांच्याच चावीनं उघडणारे, प्रत्येक चाकाला एक, असे चार लावले. बाहेरचं कडं मोकळं फिरणारे घेतले, म्हणजे चोराच्या पान्याला पकड मिळत नाही. लॉकवर गन अजिबात लावू देऊ नका, चावीचे बारीक दात तुटतात. ती चावी जॅकच्या पिशवीत, आणि तिच्यावरचा नंबर घरी वहीत लिहून ठेवलाय. खानापूरच्या रानात पंक्चर झालं आणि चावी घरी राहिली तर स्टेपनी असून उपयोग नाही.

आता नट आधी बोटानं शेवटपर्यंत फिरवतो, मग समोरासमोरचे आवळतो, शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लावला ते दाखवणारा पाना. माझ्या स्विफ्टला ८५ न्यूटन मीटर. तुमचा आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. आट्यांना ग्रीस नाही, त्यानं रेंच तोच आकडा दाखवतो आणि स्टडवर ताण मात्र जास्त पडतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा रेंच लावायचा.

परवा शेजारचे काका उरलेले चार नट मागायला आले, त्यांच्या आय-ट्वेंटीसाठी. तिचा पिच १.५. नट दिले नाहीत, पिच गेज घेऊन त्यांच्याबरोबर दुकानात गेलो.