दुखत नव्हती म्हणून

सोलापूरच्या पूर्वभागात माझा दवाखाना आहे. येणाऱ्या बायका बहुतेक विडी वळणाऱ्या. छातीचं दुखणं कुणी सरळ सांगत नाही, आधी पित्त, मग कंबर, आणि सासू बाहेर बाकावर जाऊन बसली की, "मॅडम, हितं दुखतंय."

"एका बोटानं दाखव," म्हणते मी. निम्म्या जणींचं बोट जातं छातीच्या हाडाला फासळी जुळते तिथं. दाबलं की "आई गं!" दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसल्यावर दुसरं काय होणार? स्तनात काहीच नसतं. काहींची छाती पाळीआधी जड आणि दाणेदार होते. त्यांना पाळी झाल्यावर परत बोलावते.

विशीतल्या पोरीला आई घेऊन येते. गाठ गुळगुळीत, घट्ट, चिंचोक्यासारखी बोटाखालून सटकणारी. हा बहुधा साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचा प्रकार, फायब्रोअ‍ॅडेनोमा. सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीत तसंच निघालं, गाठ लहान असली, वाढत नसली, तर कापाकापी नको; सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. आईचा प्रश्न ठरलेला: "लग्नाला अडचण न्हाई ना?" नाही हो, आणि पुढं बाळाला पाजायलाही नाही.

चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ निघते. सुईनं पाणी ओढलं की हाताखालची गाठ गायब. पाण्यात रक्त दिसलं किंवा गाठ उरली, तर मात्र बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी. बाळंतिणीची छाती लाल होऊन ठणकली तरी पाजणं थांबवायचं नाही. ताप असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

मला धास्ती असते ती न दुखणाऱ्या गाठीची; ती कॅन्सरची असू शकते. कडक, कडा न सापडणारी, हात वर केला की कातडीला खळी पाडणारी. कधी बोंड आत ओढलेलं. "दुखत नव्हती म्हणून आले न्हाई," हे वाक्य अशाच बाईकडून ऐकायला मिळतं. सुई लावली की गाठ पसरते, हेही गल्लीत सगळ्यांना पाठ. पसरत नाही. हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा चाळिशीनंतर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), आणि सुईचा रिपोर्ट, या तिन्हींचं जुळल्याशिवाय मी कुणाला "साधी गाठ आहे" म्हणत नाही.

पण खरी अडचण वेगळीच. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे दवाखान्यात गेलेला दिवस बुडाला. म्हणून जमेल तेव्हा तपासणी, सोनोग्राफी, सुई एकाच फेरीत उरकते, आणि तेही कारखान्यात विड्या जमा करून झाल्यावर.